रॉडच्या कड्या मोठ्या, म्हणजे फेक लांब?

स्वतः बांधलेल्या गळाच्या रॉडवर कड्या बदलताना एक सल्ला हमखास मिळतो: सगळ्या गाइड (म्हणजे तंगूस ज्यांतून धावतो त्या कड्या) मोठ्या घ्या, तंगूस मोकळा सुटेल आणि गळ लांब जाईल.

यातलं पहिल्या गाइडपुरतं खरं आहे. स्पिनिंग रीलवरून (फेकताना जिची फिरकी स्थिर राहते) तंगूस वेटोळी घेत सुटतो, म्हणून रीलजवळची कडी मोठी लागते. पण ती वेटोळी पहिल्या दोन-तीन कड्यांतच आवळली जातात. पुढे तंगूस जवळजवळ सरळच धावतो. तिथे मोठ्या कडीचा उपयोग नाही, उलट वजन वाढतं. शेंड्याकडचं थोडंसं वजनही रॉडला जड जातं: फेकल्यावर टोक थरथरत राहतं, चपळाई जाते. शेंड्याकडची कडी किती लहान चालेल, हे गाठ ठरवते. लीडर, म्हणजे तंगूसाच्या टोकाला वेगळा तुकडा, जोडत असाल तर त्याची गाठ न अडकता पार झाली पाहिजे.

पडताळणी सोपी आहे, आणि दोरा गुंडाळून, इपॉक्सी लावून कड्या कायमच्या बसवण्याआधी ती कराच. गाइड चिकटपट्टीने तात्पुरत्या बसवा, मोकळ्या मैदानात तेच वजन, तोच तंगूस वापरून दोन्ही संच (सगळ्या मोठ्या कड्यांचा आणि पुढे लहान कड्यांचा) फेकून पाहा आणि अंतर मोजा. मग तंगूस ओवून रॉड वाकवा. दोन कड्यांमध्ये तंगूस रॉडच्या बाकापासून फार दूर ताणला जात असेल, तर कडीचा आकार नव्हे, जागा किंवा संख्या बदलायला हवी.