मेंदूचा कर्करोग आणि सूक्ष्म आरएनए: विचारणा करणाऱ्या कुटुंबांसाठी माहिती

धंतोलीतील आमच्या औषधालयात टेमोझोलोमाइड या मेंदूच्या कर्करोगावरील औषधाच्या कॅप्सूल घ्यायला येणारे नातेवाईक अलीकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत मोबाइलवर आलेला मायक्रोआरएनए (सूक्ष्म आरएनए) उपचाराबद्दलचा मजकूर पुढे करतात आणि विचारतात, "भाऊ, हे आरएनएचं इंजेक्शन तुमच्याकडे भेटते का?" काउंटरवरच्या गर्दीत या प्रश्नाला न्याय देता येत नाही, म्हणून हे पत्रक. मेंदूच्या कर्करोगावर मायक्रोआरएनएचे एकही औषध अद्याप मंजूर झालेले नाही. त्यामुळे ते आमच्याकडेच काय, कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

मात्र त्यामागील संशोधन खरे आहे. पेशीतील जनुकाचा निरोप संदेशवाहक आरएनए नेतो आणि त्यावरून प्रथिन तयार होते. मायक्रोआरएनए हा साधारण 22 रासायनिक अक्षरांचा तुकडा त्या निरोपावर जुळणाऱ्या जागी चिकटतो आणि प्रथिन तयार होणे कमी करतो किंवा थांबवतो. हे तुकडे 1993 मध्ये एका सूक्ष्म कृमीत प्रथम आढळले आणि या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुवकुन यांना 2024 चे नोबेल मिळाले. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अत्यंत आक्रमक गाठीत मायक्रोआरएनए-21 अवाजवी वाढलेला असतो आणि पेशींच्या वाढीला लगाम घालणारी प्रथिने तो दाबून ठेवतो. उलट मायक्रोआरएनए-34ए आणि 124 यांसारखे उपयुक्त तुकडे तेथे घटलेले असतात. वाढलेल्याला जुळणारा उलटा धागा देऊन निकामी करायचे आणि घटलेल्याची नक्कल बाहेरून पुरवायची, असे उपचाराचे दोन मार्ग आहेत.

खरी अडचण औषध गाठीपर्यंत पोहोचवण्याची आहे. उघडा आरएनए रक्तातील विकरांमुळे (एन्झाइममुळे) लवकर तुटतो, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की एवढा मोठा, विद्युतभारित रेणू सहसा आत शिरत नाही. म्हणून त्याला मेदाच्या अतिसूक्ष्म थेंबात गुंडाळण्याचे किंवा थेट गाठीच्या जागी सोडण्याचे प्रयोग चालू आहेत. शिवाय एकच तुकडा अनेक जनुकांवर काम करतो, हे त्याचे बळ आहे आणि धोकाही. यकृत व इतर अवयवांच्या कर्करोगांत मायक्रोआरएनए-34ए च्या नकलेची मानवी चाचणी प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे 2016 मध्ये थांबवावी लागली. ही गोष्ट मोबाइलवरच्या मजकुरात सहसा नसते, ती आम्हाला येथे मुद्दाम सांगावीशी वाटते.

तेव्हा नव्या औषधाच्या आशेने शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा चालू असलेल्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता कृपया थांबवू नयेत. कॅप्सूल फोडू नये, चावू नये, पाण्यासोबत अखंड गिळावी. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो; दुकानातून निघालेली पाकिटे स्कूटरच्या डिकीत ठेवून इतर कामे करू नयेत, सरळ घरी नेऊन थंड व कोरड्या जागी ठेवावीत.

कोणी "चाचणीत घेतो" असे सांगून पैसे मागत असेल, तर आधी भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीतील नोंदणी क्रमांक मागावा. त्या नोंदी कोणालाही विनामूल्य पाहता येतात आणि चाचणीत सहभागी होण्यापूर्वी रुग्णाला समजेल अशा भाषेत लेखी संमती घेणे बंधनकारक आहे. तो नोंदणी क्रमांक घेऊन दुपारी दोन ते चारच्या निवांत वेळात दुकानात यावे. आम्ही तुमच्यासमोर नोंद उघडून पाहू, आणि त्यासाठी कोणतेही शुल्क नाही.