वाइल भूमिती आणि मापनिरपेक्ष गुरुत्वाकर्षण

वाइल भूमिती : अवकाश-काळातील प्रत्येक बिंदूपाशी लांबीचे एकक स्वतंत्रपणे निवडता यावे आणि ते बदलले तरी भौतिकीच्या नियमांचे रूप तेच राहावे, या तत्त्वावर उभी असलेली भूमिती. जर्मन गणितज्ञ हेर्मान वाइल (१८८५–१९५५) यांनी झुरिक येथे असताना १९१८ मध्ये ती मांडली. गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व ही दोन्ही एकाच भूमितीतून निष्पन्न करण्याचा त्यांचा प्रयत्न होता. तो सफल झाला नाही. मात्र लांबीचे माप अखेर कोण ठरवते, हा त्यातला प्रश्न गुरुत्वाकर्षणाच्या पर्यायी सिद्धांतांत पुन्हा पुन्हा वर येत राहिला.

आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात रीमान यांची वक्र अवकाशाची भूमिती वापरलेली आहे. तीत एखादा सदिश (दिशा आणि लांबी असलेली राशी, जणू एक बाण) स्वतःशी समांतर ठेवत बंद मार्गाने फिरवून मूळ जागी आणला, तर त्याची दिशा बदललेली असू शकते, लांबी मात्र बदलत नाही. दूरच्या दोन बिंदूंवरील दिशांची थेट तुलना करता येत नसेल तर लांबीची तरी का करता यावी, असे वाइल यांनी विचारले. त्यांनी लांबीही मार्गावर अवलंबून ठेवली आणि तिच्यातील बदल सांगण्यासाठी चार घटकांचे एक सदिश क्षेत्र आणले. हे क्षेत्र गणितात विद्युतचुंबकीय वर्चसासारखेच (ज्यापासून विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे काढता येतात त्या राशीसारखेच) वागते, म्हणून ते तेच होय असे त्यांनी मानले.

वाइल यांचा हा निबंध प्रशियन अकादमीच्या इतिवृत्तात छापला गेला तो आइन्स्टाइन यांच्या आक्षेपासकट. समजा, एकाच जागेहून निघालेल्या सोडियमच्या दोन अणूंपैकी एक विद्युतचुंबकीय क्षेत्रातून गेला, दुसरा क्षेत्राबाहेरून गेला आणि नंतर ते पुन्हा शेजारी आले. वाइल यांचे म्हणणे खरे असेल, तर त्यांच्या वर्णरेषांची (अणू ठरावीक वारंवारतेचा जो प्रकाश देतो त्याच्या वर्णपटातील रेषांची) वारंवारता आता वेगळी असायला हवी. आणि प्रत्येक अणूचा प्रवास निराळा असल्यामुळे रेखीव वर्णरेषा मुळी दिसताच कामा नयेत. प्रत्यक्षात सोडियमची पिवळी जोडरेषा प्रयोगशाळेत नेहमी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या आसपासच सापडते. अणू आपला इतिहास न बघता स्थानिक वक्रतेशी जुळवून घेत असावेत, असे उत्तर वाइल यांनी दिले. ते तर्कदृष्ट्या निर्दोष असले तरी त्यामुळे त्यांच्या भूमितीचा मोजमापाशी असलेला संबंधच सुटला.

१९२७ मध्ये भौतिकीविज्ञ फ्रिट्स लंडन यांनी दाखवले की लांबी बदलणारा वाइल यांचा गुणक लांबीला न लावता क्वांटम तरंगाच्या कलेला (तरंग आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, त्याला) लावला, तर तेच गणित बिनचूक बसते. स्वतः वाइल यांनी १९२९ मध्ये हे रूप स्वीकारले आणि आजच्या कणभौतिकीतील गेज सिद्धांत (प्रत्येक बिंदूपाशी अशी निवड मोकळी ठेवणारे बलांचे सिद्धांत) त्यातून वाढले. गुरुत्वाकर्षणाच्या बाजूला मूळ कल्पना एका सौम्य रूपात टिकली : ते सदिश क्षेत्र एखाद्या अदिश फलनाची (प्रत्येक बिंदूपाशी फक्त एक संख्या देणाऱ्या फलनाची) प्रवणता, म्हणजे बदलाचा दर, असेल, तर बंद मार्गानंतर लांबी पूर्ववत होते आणि आइन्स्टाइन यांचा आक्षेप लागू पडत नाही. पॉल डिरॅक यांनी १९७३ मध्ये, गुरुत्व स्थिरांक काळानुसार घटतो ही आपली १९३७ मधील कल्पना मांडण्यासाठी, वाइल भूमितीचाच आधार घेतला. चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांकडे लेसर पाठवून केलेल्या मोजणीत अशी घट आढळलेली नाही. अदिश क्षेत्राचा सर्वांत परिचित पर्याय म्हणजे १९६१ चा ब्रान्स-डिकी सिद्धांत (यात गुरुत्वाकर्षणाची तीव्रता एका अदिश क्षेत्रावर अवलंबून असते), पण शनीकडे पाठवलेल्या कॅसिनी यानाच्या रेडिओ संदेशांवरून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनाने त्यात आइन्स्टाइनपासून ढळायला फारच थोडी जागा ठेवली.

फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांनी केंब्रिजमध्ये १९६४ साली मांडलेला सिद्धांत मापाचा प्रश्न मुळातच वेगळ्या बाजूने हाताळतो. वस्तूचे जडत्व विश्वातील इतर द्रव्यामुळे असते या एर्न्स्ट माख यांच्या तत्त्वाला अनुसरून त्यात कणाचे वस्तुमान हा त्याचा अंगभूत गुण मानलेला नाही. विश्वातील इतर सर्व कणांच्या एकत्रित परिणामातून ते येते. अणूचा आकार वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने लांबीचे एकक ठिकठिकाणी बदलले की वस्तुमान त्याला साजेसे बदलते आणि समीकरणे तशीच राहतात. सर्वत्र वस्तुमान स्थिर राहील असे एकक निवडले, तर ही समीकरणे आइन्स्टाइन यांच्या समीकरणांत रूपांतरित होतात. त्यामुळे सूर्यमालेतील कसोट्यांवर हा सिद्धांत वेगळा ठरत नाही. स्टीफन हॉकिंग यांचा १९६५ मधील आक्षेप निराळा होता : या सिद्धांतात कणांचे परिणाम भूतकाळाप्रमाणे भविष्याकडूनही येतात आणि प्रसरणशील विश्वात भविष्याकडून येणाऱ्या परिणामांची बेरीज अनंत होते.

एकक निवडण्याची ही मोकळीक किती दूर नेता येते हे नारळीकर यांनी १९७७ मध्ये दाखवले. विश्व सपाट आणि स्थिर मानले आणि कणांची वस्तुमाने काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात असे धरले, तरी दूरच्या दीर्घिकांची ताम्रच्युती (वर्णरेषांचे तांबड्या बाजूला सरकणे) मिळते. कारण त्यांचा प्रकाश निघाला तेव्हा अणू हलके होते आणि त्यांच्या वर्णरेषांची वारंवारता कमी होती. महास्फोटाच्या चित्रात ज्या क्षणी वक्रता अनंत होते, त्या ठिकाणी या चित्रात फक्त वस्तुमान शून्य होते. १९९३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हॅल्टन आर्प यांच्यासह नारळीकर यांनी याच आधारे काही क्वेसारांच्या (ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या अतितेजस्वी दूरस्थ खस्थ पदार्थांच्या) शेजारी दिसणाऱ्या दीर्घिकांशी विसंगत वाटणाऱ्या ताम्रच्युतीचे स्पष्टीकरण सुचवले. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी मात्र मुळात ती विसंगतीच मान्य केली नाही.