लिहून केलेलं अ‍ॅनिमेशन : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

काम ठरवायला आलेली मंडळी आमच्या स्क्रीनकडे बघून बहुतेक वेळा बुचकळ्यात पडतात. ब्रश नाही, रंगांची पट्टी नाही, खाली टाइमलाइन नाही. काळ्या खिडकीत नुसत्या ओळी. मग "यातून चित्र हलणार कसं?" हे ठरलेलं. दर वेळी चहा संपेपर्यंत तेच सांगण्यापेक्षा एकदा कागदावर उतरवलंय.

आम्ही अ‍ॅनिमेशनची स्क्रिप्ट लिहितो. साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्येही उघडेल अशी. मग कमांड लाइनवर (म्हणजे त्या काळ्या खिडकीत) एक ओळ टाइप करून ती कंपायलरला, म्हणजे लिहिलेल्या स्क्रिप्टची चालती फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅमला, देतो आणि तो वेबवर चालणारी फाइल काढून देतो. आमची सुरुवात झाली एसडब्ल्यूएफटूल्स या मुक्त सॉफ्टवेअर-संचातल्या एसडब्ल्यूएफसी कंपायलरवर. त्यातून फ्लॅशची (वेबवरच्या अ‍ॅनिमेशनचं अ‍ॅडोबीचं जुनं तंत्र) फाइल निघायची. आता साधन बदललंय (त्याबद्दल पुढे), पण कामाची रीत तीच आहे. ती समजायला जुनंच उदाहरण सोपं पडतं.

शाळेसाठी केलेला हातपंप घ्या. पहिल्या ओळीत पडद्याचा आकार आणि वेग: ६०० बाय ४०० पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम (म्हणजे २५ स्थिर चित्रं). पुढे आकारांची नावं: सिलिंडर, दट्ट्या, झडप, दांडा. मग हालचाल. सुरुवातीला दट्ट्या पडद्याच्या वरच्या कडेपासून ३०० पिक्सेलवर, २५ फ्रेमनंतर २२० वर, ५० फ्रेमनंतर परत ३०० वर. एवढंच लिहायचं. मधल्या प्रत्येक फ्रेमला दट्ट्या ३.२ पिक्सेल सरकवायचा हा हिशेब कंपायलरचा. 'पुट' ही आज्ञा वस्तू मांडते, 'चेंज' तिला सावकाश नेते आणि 'जंप' एकदम उडवते. दट्ट्याला आम्ही चेंज दिलं, झडपेला जंप, कारण खरी झडप तशीच फटकन उघडते.

बटणाचंही तसंच. त्याला चार चित्रं सांगायची: नुसतं असताना कसं दिसेल, माउस वर आला की कसं, दाबलं की कसं, आणि बोट नेमकं कुठपर्यंत चालेल ती हद्द. मग 'दाबून सोडलं की अमुक फ्रेमवर जा' अशी एक ओळ. मुलानं दांडा दाबला की पाणी वर चढतं, ते एवढ्यावर. भाग संपल्याची खूण असलेला एखादा 'एंड' लिहायचा राहिला तर कंपायलर अडतो आणि कितव्या ओळीपाशी अडलो ते सांगतो. त्याला राग येत नाही, आम्हाला येतो.

या पद्धतीचा तुम्हाला फायदा काय, ते याच पंपानं दाखवलं. पहिली आवृत्ती पाहून एका गुरुजींनी विचारलं, "सिलिंडर जमिनीवर का दाखवलाय? आमच्या गावचा हापसा असा नाही." बरोबर होतं. हवेच्या दाबानं पाणी खेचणारा पंप तत्त्वतः फार तर १० मीटरवरून पाणी उचलतो, व्यवहारात त्याहून कमीच. खोल बोअरवरच्या हापशात सिलिंडर आत, पाण्यात बुडालेला असतो आणि लांब सळईनं हातदांड्याला जोडलेला असतो. आम्ही पुस्तकातली आकृती गिरवली होती. सुदैवानं सिलिंडर, दट्ट्या आणि झडपा एका स्प्राइटमध्ये (एकत्र हलणाऱ्या आकारांच्या गटात) बांधलेल्या होत्या. त्या स्प्राइटच्या जागेचा आकडा बदलला, सळई लांबवली, कंपायलर पुन्हा चालवला. गुरुजींचा चहा निवायच्या आत नवा हापसा तयार. चित्र हातानं फ्रेमगणिक काढलेलं असतं, तर आम्ही पुढच्या आठवड्याची तारीख दिली असती.

प्रत्येक बदलाची नोंदही राहते. "मागचा निळाच बरा होता" असं तुम्ही दोन महिन्यांनी म्हणालात (म्हणता!), तर तो निळा आम्हाला एका मिनिटात सापडतो.

आता फ्लॅशचं. अ‍ॅडोबीनं फ्लॅश प्लेयरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरनंच फाइली चालवणं बंद केलं. आयफोनवर तर फ्लॅश कधीच नव्हतं. तुमच्या जुन्या साइटवर रिकामा चौकोन दिसत असेल तर कारण हेच. फाइल खराब झालेली नाही, ती फेकू नका. रफल नावाचा मुक्त एम्युलेटर (जुन्या प्लेयरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) जुन्या फ्लॅश फाइली आजच्या ब्राउझरमध्ये चालवतो. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशमधल्या आज्ञांची भाषा) २ मधलं काम त्यात सहसा नीट चालतं, ३ मधलं तपासून घ्यावं लागतं. एक अडचण मात्र हमखास येते: पेन ड्राइव्हवरचं पान डबल क्लिक करून उघडलं तर रफल अडतो, कारण त्याला वेब सर्व्हर लागतो. इंटरनेट नसलेल्या शाळांना म्हणून आम्ही रफलची डेस्कटॉप आवृत्ती सोबत देतो.

नवीन कामं आम्ही हॅक्स भाषेत लिहितो. तिचा कंपायलरही कमांड लाइनवरच चालतो आणि त्यातून ब्राउझरला थेट कळणारी भाषा, जावास्क्रिप्ट, निघते, म्हणजे मोबाइलवर वेगळं काही बसवावं लागत नाही. जुनी स्क्रिप्ट आपोआप हॅक्समध्ये उतरत नाही, ती पुन्हा लिहावी लागते आणि त्याचे पैसे पडतात. पण जागा, वेळा, रंग हे सगळे आकडे आधीच लिहिलेले असल्यानं नव्या कामापेक्षा ते स्वस्तात होतं.

सगळ्यात जास्त घाम मराठी अक्षरांनी काढला. जुना कंपायलर फॉन्टमधली अक्षरं एकापुढे एक नुसती मांडायचा, जोडाक्षर हा प्रकार त्याच्या गावीही नव्हता. 'सिलिंडर'च्या दोन्ही वेलांट्या एकेक घर पुढे सरकायच्या आणि 'दट्ट्या'चे ट पाय मोडून उभे राहायचे. मग शब्दांचे आकार करून ते चित्र म्हणून बसवायचे, आणि एक काना चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आता अक्षरं जुळवण्याचं काम ब्राउझर करतो. लेबलं आम्ही चित्रावर वेगळ्या थरात खरा मजकूर म्हणून ठेवतो, त्यामुळे ती शोधता येतात आणि दृष्टिहीनांचं स्क्रीन रीडरही ती वाचतं. फॉन्ट बहुधा 'मुक्त' किंवा 'बलू' या नावांचे. दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे, खुल्या परवान्याचे, त्यामुळे बिलात फॉन्टची ओळ नसते.

आमच्याकडून ज्याची अपेक्षा ठेवू नये तेही सांगतो. आजी नातवाला रागावते, डोळे वटारते, मग हसते, असं काही हवं असेल तर हातानं चितारणारा अ‍ॅनिमेटर गाठा. यंत्रं, नकाशे, आलेख, प्रयोग, प्रश्नमंजूषा, जिथे हालचाल आकड्यांत सांगता येते, तिथे आम्ही.

येताना मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर तसाच दिसणाऱ्या अक्षरांत) आणा. जुन्या फॉन्टमधला असेल तर बदलून देऊ, पण तपासणी तुम्हीच करायची. लोगोची मूळ फाइल हवी, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेला फोटो नको. आवाजाचं रेकॉर्डिंगही मूळच द्या. आवाज पान उघडताच सुरू व्हावा असा आग्रह धरू नका: वाचकानं कुठेतरी क्लिक करेपर्यंत ब्राउझर तो सहसा अडवतात, म्हणून आम्ही 'सुरू करा' हे बटण ठेवतोच. मोबाइलवर माउस नसतो, त्यामुळे 'वर नेल्यावर उजळणारं' बटण तिथे उजळत नाही. त्याची खूण दुसरी ठरवू.

काम झाल्यावर तयार फाइलींसोबत स्क्रिप्ट, चित्रं, आवाज असं सगळं एका फोल्डरमध्ये मिळेल. 'आधी वाचा' नावाच्या फाइलमध्ये कंपाइल करायची कमांड आणि कंपायलरची आवृत्ती लिहिलेली असते. उद्या काम दुसऱ्या कोणाकडे नेलंत, तरी त्यांना आम्हाला फोन करावा लागू नये.