घोड्यांसोबतची थेरपी: येण्याआधी हे वाचून घ्या

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, घोड्यावर बसावं लागेल का? नाही लागणार. मनाच्या त्रासासाठी आम्ही जे सेशन घेतो त्यातलं जवळजवळ सगळं काम जमिनीवर उभं राहूनच होतं, घोड्याला खरारा करायचा (म्हणजे ब्रशने त्याचं अंग घासून साफ करायचं), दोर धरून त्याला चालवायचं, कधी तो रिंगणात मोकळा असताना नुसतं त्याच्यासोबत थांबायचं. रपेट मारायची हौस असेल तर माथेरान, महाबळेश्वर आहेच की, तिथले घोडेवाले आमच्यापेक्षा छान फिरवून आणतील.

दुसरा प्रश्न असतो, मग घोडा करतो काय? याचं उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही आणि घाईत दिलं की ते चमत्काराच्या जाहिरातीसारखं वाटतं, म्हणून हे पत्रक काढलंय.

आधी नावांचा गोंधळ

हॉर्स थेरपी म्हणून नेटवर शोधलं की तीन-चार वेगळ्या गोष्टी एकाच ताटात वाढलेल्या दिसतात. त्यातली हिप्पोथेरपी ही खरंतर शरीराची ट्रीटमेंट. घोडा चालताना त्याची पाठ जशी हलते तशीच आपली कंबर चालताना हलते, त्यामुळे सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) वगैरे असलेल्या मुलांना घोड्यावर बसवून फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट तोल आणि स्नायूंवर काम करतात. ते आम्ही करत नाही, आमच्याकडे तसा ट्रेन्ड माणूस नाही, त्यामुळे त्यासाठी कृपया येऊ नका.

या सगळ्या क्षेत्राला जी चालना मिळाली ती मात्र घोड्यावर बसण्यातूनच. लिस हार्टेल नावाच्या डॅनिश बाईंना १९४४ मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पायात जीव राहिला नाही, घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागायचा, आणि तरी त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज (घोड्याकडून ठरावीक हालचाली सफाईने करून घ्यायच्या) या प्रकारात सिल्व्हर मेडल घेतलं, तेही पुरुषांच्या विरुद्ध खेळून. लोकांचे डोळे उघडले. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही अपंग लोकांच्या रायडिंगसाठी मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. जमिनीवर उभं राहून मनाचं काम करायची पद्धत त्यामानाने नवीन, अमेरिकेतली ईगाला ही संस्था १९९९ ची. त्यांच्या पद्धतीत एक मानसतज्ज्ञ आणि एक घोड्यांतला जाणकार असे दोघं मिळून सेशन घेतात. आमचीही मांडणी साधारण तशीच आहे, पण म्हणून त्यांचं सर्टिफिकेट आमच्याकडे आहे असं समजू नका.

घोडाच का, घरचा कुत्रा काय वाईट?

कुत्रा अजिबात वाईट नाही, पण कुत्र्याला तुम्ही कसेही आवडता. दिवसभर चिडचिड करून घरी या, तो शेपूट हलवणारच. घोड्याचं तसं नसतं.

घोडा मूळचा गवत खाणारा, कळपात राहणारा आणि वाघ-लांडग्यांना घाबरून जगलेला प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या बरोबर मागे आंधळी जागा असते (म्हणून तर आम्ही सारखं ओरडतो की मागून येऊ नका!). दोन्ही कान वेगवेगळ्या दिशेला फिरतात. कळपातल्या एकाची मान ताठ झाली की बाकीचे कारण विचारत बसत नाहीत, पळायला तयार होतात. म्हणजे दुसऱ्याचं शरीर वाचणं हा त्याच्या जगण्याचा भाग झाला आणि तुम्ही दोर हातात घेतला की तो तुमचंही तसंच वाचतो, श्वास अडकलाय का, खांदे कानापर्यंत चढलेत का, दोर धरलेली मूठ किती आवळलीय.

याची एक जुनी आणि मजेशीर गोष्ट आहे. बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास हान्स नावाचा घोडा फार गाजला होता, तो म्हणे गणितं सोडवायचा, उत्तर जितकं तितक्या वेळा खूर आपटायचा. ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नीट तपासणी केली आणि १९०७ मध्ये त्याने दाखवून दिलं की हान्सला गणित ओ की ठो कळत नव्हतं. बरोबर आकडा आला की समोरच्या माणसाचं डोकं अगदी किंचित हलायचं, अंग सैल व्हायचं, ते बघून हान्स थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्सचंही चुकायचं. आणि यात फसवणूक कुणाचीच नव्हती, मालकाला स्वतःलाही पत्ता नव्हता की आपण खूण करतोय. घोडा हुशार नाही निघाला म्हणून लोक हळहळले, पण आमच्या कामाच्या दृष्टीने गणितापेक्षा हे कितीतरी मोठं आहे, जे तुमचं तुम्हाला कळत नाही ते त्याला दिसतं.

नंतरच्या काळातही अभ्यास झालेत. २००९ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी लोकांना घोडा चालवायला दिला आणि सांगितलं की पुढच्या फेरीला वाटेत एकजण अचानक छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. पण आता उघडेल या नुसत्या विचाराने माणसाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही वाढले! २०१६ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स युनिव्हर्सिटीने घोड्यांना अनोळखी माणसांचे चिडलेल्या चेहऱ्याचे आणि हसऱ्या चेहऱ्याचे फोटो दाखवले, तर चिडलेला चेहरा बघून त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढले. यावरून घोडा मन ओळखतो, आत्मा ओळखतो वगैरे कुणी सांगत असेल तर सांगू दे, आम्ही इतकंच म्हणतो की तो शरीर ओळखतो.

सेशनमध्ये प्रत्यक्ष काय होतं

एक सेशन साधारण तासाभराचं. आमच्या सायकॉलॉजिस्ट मॅडम आणि मोतद्दार मामा (म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, सगळे त्यांना मामाच म्हणतात, तुम्हीही म्हणा) दोघंही पूर्णवेळ तिथेच असतात. मॅडमचं लक्ष तुमच्यावर, मामांचं घोड्यावर.

सुरुवातीला बहुतेकदा खरारा असतो. मामा तुमच्या हातात ब्रश देतात, मानेपासून पाठीकडे, केसांच्या दिशेने, एका लयीत. मग मॅडम स्टेथोस्कोप देतात आणि डाव्या कोपराच्या मागे कुठे लावायचा ते दाखवतात. शांत उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात, माणसाच्या निम्मे म्हणा ना. तो सावकाश धप्प आवाज कानात आला की बोलघेवडी माणसंही गप्प होतात.

त्यानंतर काहीतरी छोटं काम. समजा चांदणीला दोर धरून त्या टायरपर्यंत न्यायचंय. चांदणी आमची मारवाडी घोडी, कानाची टोकं आत वळून एकमेकांना टेकणारी. सोपं वाटतं, पण इथेच घोडं अडतं. एक ताई आल्या होत्या (परवानगी घेऊन सांगतोय, ओळख पटेल असं काही सांगत नाही), ऑफिसात कुणाला नाही म्हणता येत नाही ही त्यांची अडचण. त्यांनी दोर धरला, चांदणीकडे तोंड करून "चल ना गं, प्लीज" सुरू केलं, दोर ताणला, चांदणी जागची हलेना, उलट मान वर करून मागेच झुकली. मग ताई हसल्या, सॉरी म्हणाल्या, घोडीला! मॅडमनी तेवढंच विचारलं, आत्ता पोटात काय होतंय? ताई म्हणाल्या, घट्ट झालंय, आणि हे रोजचंच आहे, सोमवारच्या मीटिंगला असंच होतं. मग काही वेळ बोलणं झालं, श्वास खाली उतरला, ताई टायरकडे तोंड करून उभ्या राहिल्या, दोर सैल सोडला आणि चालायला लागल्या. चांदणी दोन पावलं थांबली, ओठ चाटले, जबडा चघळल्यासारखा हलवला, ताणातून सैल होताना घोडे बऱ्याचदा असं करतात, आणि निघाली मागोमाग.

यात थेरपी कुठली? घोडी चालली ती नव्हे. पोट घट्ट होतंय हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि ते कुठे कुठे होतं हे त्यांनीच जोडलं, ती. खुर्चीत बसून बोलताना हे कळायला कधी कधी महिने जातात कारण आपण बोलण्यात तरबेज असतो, बोलून बोलून विषय बरोबर टाळतो. घोड्यासमोर तोंडाने "मी एकदम ओके आहे" म्हणायचं आणि मुठी आवळलेल्या ठेवायच्या, हे चालत नाही. तो रागावत नाही, समजूत काढत नाही, नुसता लांब जाऊन उभा राहतो किंवा जवळ येतो. मग त्याचं काय करायचं ते मॅडमसोबत बसून ठरतं, पुढच्या आठवड्यात मीटिंगला ते करून बघायचं आणि परत येऊन सांगायचं.

कधी कधी अख्ख्या सेशनमध्ये काहीच होत नाही, घोडा कोपऱ्यात गवत खातो आणि माणूस कंपाउंडला टेकून उभा असतो. तेही चालतं. घरातलं माणूस गेल्यावर आलेल्या लोकांना तर असंच हवं असतं, "आता सावरायला हवं" असं न म्हणणारं कुणीतरी शेजारी.

कुणाला उपयोग होतो, कुणाला नाही

आमच्याकडे जास्त करून अँक्झायटीची, दुःखातून जाणारी, घाबरलेली किंवा गप्प झालेली टीनएज मुलं आणि मोठी माणसं येतात, शिवाय काही ऑटिझम असलेली मुलं. स्वतःवर काम करायचंय, आजार असा काही नाही, असेही येतात. ऑफिसच्या टीमसुद्धा येतात. त्यांना एक विनंती, लीडरशिपची भाषणं आधी उरकून या, घोडा पद विचारत नाही आणि चांदणीने मॅनेजर साहेबांच्या हातातून दोर सोडवून घेतला की टीमला जो आनंद होतो तो आवरताना आमचीच पंचाईत होते.

पुराव्याचं खरं सांगायचं तर या क्षेत्रातले बरेच अभ्यास छोटे आहेत, काहींत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, आणि त्यावर कडक टीका झालीय. तरी काही बरी कामं आहेत. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६ ते १६ वयाची ऑटिझम असलेली मुलं घेतली, एका गटाला १० आठवडे रायडिंग आणि दुसऱ्या गटाला तबेल्यातच घोड्यांबद्दलच्या गोष्टी शिकवल्या पण जिवंत घोडा नाही, तर रायडिंगवाल्या मुलांची चिडचिड आणि अति चळवळ जास्त कमी झाली. कोलंबिया युनिव्हर्सिटीने युद्धातून परतलेल्या, पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मनाला जडून राहणारा त्रास) असलेल्या सैनिकांसोबत ८ आठवड्यांचा ग्रुप प्रोग्राम करून २०२१ मध्ये निकाल दिले, त्रास बऱ्यापैकी कमी झाला, पण तिथे तुलनेचा गट नव्हता. तेव्हा आम्ही गॅरंटी देत नाही, जो देतो त्याला दोन प्रश्न जास्त विचारा.

चालू असलेली औषधं आमच्याकडे यायला लागलात म्हणून बंद करू नका, ते तुमच्या सायकियाट्रिस्टनाच ठरवू दे. सध्या भास होत असतील, व्यसन सोडताना त्रास सुरू असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल तर पागा ही त्यासाठीची जागा नव्हे, आधी डॉक्टर, आणि लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. दमा किंवा केसांची, गवताची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. घोड्याची भीती वाटते? या बिनधास्त, कंपाउंडच्या बाहेरून सुरुवात करू.

घोड्यांचीही बाजू आहे

आमच्या घोड्यांत काही रेसमधून रिटायर झालेले आहेत, एक वरातीतला आहे, बँड वाजला की अजून कान मागे टाकतो. एका घोड्याला दिवसातून दोनपेक्षा जास्त सेशन देत नाही आणि त्याला नको असेल तर तो निघून जाऊ शकतो, आम्ही त्याला ओढून परत आणत नाही. पैसे दिलेत म्हणून तो तुमच्याजवळ आलाच पाहिजे असं नसतं, हे काही पालकांना पटायला वेळ लागतो. ग्लँडर्सची (घोड्यांचा एक संसर्गजन्य आजार) टेस्ट, लसीकरण, नालबंदाची फेरी सगळं वेळेवर होतं, कागद बघायचे असतील तर ऑफिसात मागा.

येताना

बंद बूट घाला, चपला-सँडल चालणार नाहीत, चुकून खूर पडला तर ४००-५०० किलोचं वजन आहे. ओढणी घरी ठेवा किंवा कमरेला नीट बांधा, लोंबते कानातले काढून या, कडक अत्तर नको. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघून घ्या. फोन सायलेंटवर, आणि रील सेशन संपल्यावर. खाऊ आणायचा तर गाजरं आणा, लांबट फोडी करून, आणि आधी मामांच्या हातात द्या, कारण एका घोड्याला गोड बंद केलंय आणि तोच सगळ्यात लाडात येऊन मागतो.

लहान मुलांसोबत एकानेच यावं, आजी-आजोबा, मावशी, आत्या सगळे कंपाउंडला उभे राहून सूचना द्यायला लागले की मूल घोड्याकडे बघतच नाही. पहिली भेट ही फक्त मॅडमशी बोलणं आणि घोडे बघणं एवढीच, त्यानंतर पुढे जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, आणि आम्हाला जमणार नसेल तर आम्हीही सरळ तसं सांगू.

पावसाळ्यात रिंगणात चिखल होतो, तेव्हा सेशन शेडमध्ये होतं, पण विजा चमकत असतील तर रद्द. तसा मेसेज सकाळी करतो, त्याचे पैसे लागत नाहीत. तुम्हाला रद्द करायचं असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवा.