दूध मोठं की पाणी?

लाल रंग जड की पिवळा? दूध मोठं की पाणी? मार्टिन ह्यूज आणि रॉबर्ट ग्रीव्ह या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली पाच आणि सात वर्षांच्या मुलांना मुद्दाम असे अर्थहीन प्रश्न विचारले. ‘हा काय प्रश्न झाला?’ असं म्हणणारं मूल विरळाच. बहुतेकांनी बिनदिक्कत उत्तर दिलं, वर कारणही जोडलं. मोठ्यांनी विचारलंय म्हणजे उत्तर असणारच, हे मुलांनी धरून चाललेलं असतं. तोच प्रश्न पुन्हा विचारला, की पहिलं उत्तर चुकलं असणार असं समजून ती ते बदलूनही टाकतात. म्हणून जाणते संशोधक आधीच सांगून ठेवतात, की ‘माहीत नाही’ चालेल आणि ‘सांगायचं नाही’ हेही चालेल.

वयात आलेल्या मुलांचं उलट असतं. त्यांना ठाऊक असतं, पण ती बोलत नाहीत. अमेरिकेत १५ ते १९ वर्षांच्या मुलग्यांच्या एका पाहणीत समलिंगी संबंध आल्याचं छापील प्रश्नावलीत १.५ टक्के मुलांनी कळवलं होतं. तोच प्रश्न हेडफोनवर ऐकून संगणकावर उत्तर द्यायची सोय झाली, तेव्हा आकडा ५.५ टक्के निघाला. १९९८ सालचं हे संशोधन. धोरणं मात्र पुष्कळदा पहिल्या प्रकारच्या आकड्यांवरच बेतली जातात.

शाळेतल्या लैंगिक शिक्षणाबद्दल मुलांचं काय म्हणणं आहे? दहा देशांतल्या ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकवणं फार जीवशास्त्रीय, सूर सतत धोक्याचा, शिक्षक अवघडलेले, अशा तक्रारी त्यात आहेत. रोज समोर असणाऱ्या शिक्षकांनीच हा विषय घ्यावा, हेही अनेकांना नको होतं. मला सर्वांत बोलकी वाटली ती मुलामुलींच्या एकत्र वर्गाची गोष्ट. आपल्याला अनुभव नाही हे उघडं पडेल या धास्तीनं मुलगे दंगा करतात. मुलींना वाटतं, तोंड उघडलं तर आपल्यावर शेरे येतील, म्हणून त्या गप्प. बाहेरून बघणाऱ्याला यात फक्त बेशिस्त आणि लाजाळूपणा दिसतो. भीती दिसते ती मुलांना विचारल्यावरच.

आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क मुलांना संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमानं १९८९ मध्येच दिला. वर्गात तो उतरवायचा एक साधा मार्ग म्हणजे प्रश्नपेटी, नाव न घालता प्रश्नाची चिठ्ठी टाकायची पेटी. पण तिथंही एक मेख आहे. ज्यांना प्रश्न आहे त्यांनीच चिठ्ठी टाकायची म्हटलं, तर लिहिणारा लगेच ओळखू येतो. त्यामुळे चिठ्ठी सगळ्यांनीच लिहायची, आणि प्रश्न नसेल त्यानं ‘प्रश्न नाही’ एवढं लिहून घडी घालायची.