दुखलंच नाही, मग कळणार कसं? किडनीचं बीपी आणि शरीरातली अफू

आमचे मामा सोलापुरात पूर्व भागात पावरलूमवर होते, त्यांचं बीपी पहिल्यांदा मोजलं तेव्हा वरचं २०० च्या पुढं आणि मामा म्हणतेत "अरे पण मला काही दुखतंच नाही की". पायावर सूज होती, ती दिवसभर उभं राहून आली असेल म्हणून अंगावर काढली. मग रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे किडनी नीट गाळत नसल्याची खूण.

किडनी आणि बीपीचं नातं तसं जुनंच. लंडनच्या रिचर्ड ब्राइटनी १८३६ मध्येच लिहून ठेवलं की किडनी खराब होऊन वारलेल्या पेशंटचं हृदय मोठं झालेलं सापडतं, आणि जास्त प्रेशरविरुद्ध काम करून हृदय असंच मोठं होतं. १८९८ ला स्वीडनमध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला तर बीपी चढलं, त्या द्रव्याला नाव दिलं रेनिन. पण खरं चित्र १९३४ मध्ये गोल्डब्लाटनी दाखवलं, कुत्र्याच्या किडनीच्या रक्तवाहिनीला चिमटा लावून ती अरुंद केली, रक्त कमी पोचलं की किडनीला वाटतं अख्ख्या शरीराचंच प्रेशर पडलंय, मग ती रेनिन सोडते, त्यातून पुढं अँजिओटेन्सिन तयार होतं, रक्तवाहिन्या आवळतात, मीठ-पाणी अंगात साठतं आणि बीपी वर.

अफूची गोष्ट वेगळ्याच वाटेनं आली. मेंदूत अफूसाठी रिसेप्टर, म्हणजे अफू जिथं जाऊन चिकटते त्या खास जागा, आहेत हे १९७३ मध्ये कळलं, पण ते असतील कशाला, तर १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूत एन्केफॅलिन सापडलं, म्हणजे शरीर स्वतःच वेदना दाबणारं द्रव्य बनवतं, शरीरातली अफूच म्हणा. हेच एन्केफॅलिन पुढं किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीतही मिळालं, ॲड्रिनलिनच्या शेजारीच!

१९७९-८० च्या सुमारास दोन्ही वाटा एकत्र आल्या. किडनीतून बीपी वाढवलेल्या उंदरांना वेदना कमी जाणवत होती, आणि अफूचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन दिलं की वेदनेची जाणीव परत यायची. हे वाचताना मला मामाच आठवले. माणसातही बीपीवाल्यांना वेदना कमी जाणवते असं दिसलंय, फक्त सगळं श्रेय शरीरातल्या अफूला देता येत नाही, रक्तवाहिन्यांतल्या प्रेशर ओळखणाऱ्या नसांचाही त्यात हात आहे.

आता मामा डायलिसिसवर आहेत, रात्र रात्र अंग खाजवत बसतात, आणि त्या खाजेवर जपाननी २००९ मध्ये जे नाल्फुराफिन नावाचं औषध आणलं ते शरीरातल्या ह्याच अफूच्या एका रिसेप्टरवर काम करतं.