फोटो क्रॉप करायला सांगण्याआधी: महिन्याच्या क्लोज-अप आव्हानात भाग घेणाऱ्यांसाठी

दर महिन्याला वीस तारीख जवळ आली की आमच्या कॅमेऱ्याच्या दुकानाच्या काउंटरवर तेच वाक्य ऐकू येतं: "जरा क्रॉप करून मोठा करून द्या ना." पेनड्राइव्हमधला फोटो चांगलाच असतो. उजेड चांगला, रंग चांगले. फक्त फूल चौकटीच्या मधोमध वाटाण्याएवढं असतं आणि ते बारा बाय अठराच्या कागदावर तळहाताएवढं हवं असतं. तसं ते होत नाही. का होत नाही आणि त्यावर उपाय काय, हे एकेकाला उभ्या उभ्या सांगताना मागे पासपोर्ट फोटोवाल्यांची रांग लागते. म्हणून हे पान छापून ठेवलं आहे. घरी नेऊन सावकाश वाचा.

आव्हानाचे नियम बहुतेकांना माहीत आहेत. महिन्याला एक विषय आणि प्रत्येकाचा एक फोटो. तो आम्ही बारा बाय अठरा इंचांत छापून दुकानाच्या आतल्या भिंतीवर लावतो. शेवटच्या रविवारी जे येतील ते चिठ्ठी टाकतात, आणि ज्याच्या फोटोला जास्त चिठ्ठ्या तो पुढच्या महिन्याचा विषय सांगतो. बक्षीस नाही आणि प्रवेश फीही नाही. प्रिंटला नेहमीचाच दर लागतो आणि महिना संपला की प्रिंट तुमची.

अडचण येते ती दोन महिन्यांपूर्वी लावलेल्या एका नियमापाशी: कातरून (म्हणजे क्रॉप करून) झाल्यावर फोटोची लांब बाजू किमान ३६०० पिक्सेल हवी. काहींना हा नियम जाचक वाटला. "आम्ही हौशी माणसं, एवढं कशाला?" असंही म्हणून झालं. त्यांच्यासाठी हिशोब मांडतो.

नेहमीचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा धरा. त्याच्या फोटोत आडवे ६००० पिक्सेल असतात. विषय आहे सीतेच्या आसवांचं फूल, सेंटीमीटरभर रुंदीचं. बहुतेकजण किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स, ५५ मिलिमीटरवर ठेवतात आणि उभ्यानेच किंवा किंचित वाकून, साधारण मीटरभरावरून फोटो काढतात. तेवढ्या अंतरावरून चौकटीत जवळजवळ ४० सेंटीमीटर रुंदीची जमीन येते. म्हणजे ६००० पिक्सेल ४० सेंटीमीटरांत वाटले गेले आणि फुलाच्या वाट्याला आले फक्त १५०. आता फुलाभोवतीचा सहा सेंटीमीटरांचा तुकडा कातरला, तर हातात उरतात ९०० पिक्सेल. ते अठरा इंचांवर पसरले की इंचाला ५०. आम्ही इंचाला ३०० असले तर खूश असतो, २०० पर्यंत चालवून घेतो, आणि अठरा इंचांना २०० म्हणजेच ते ३६००. ५० म्हणजे पाकळीच्या कडेला पायऱ्या दिसणार, आणि त्या हातभर अंतरावरूनही दिसणार.

तेच फूल, तोच कॅमेरा, तीच लेन्स घ्या आणि गुडघे टेकून जितकं जवळ जाता येईल तितकं जा. किट लेन्स ५५ वर असताना पाव मीटरपर्यंत फोकस होते. हे अंतर कॅमेऱ्यातल्या सेन्सरपासून, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पटलापासून, मोजलेलं असतं. लेन्सच्या काचेपासून मोजलंत तर वीतभरही भरत नाही. इतक्या जवळून चौकटीत साधारण सहा सेंटीमीटर रुंदी येते आणि फुलाला मिळतात १००० पिक्सेल. काहीही कातरावं लागत नाही. इंचाला तीनशेच्या वर सहज जाता.

१५० आणि १००० यांच्यातला हा फरक नवीन कॅमेरा घेऊन भरून काढायचा म्हटलं तर खिसा रिकामा होईल. गुडघे टेकले की तो फुकट भरून निघतो. आमचा धंदा कॅमेऱ्याच्या सामानाचा आहे, तरीही हे आधी सांगतो, कारण काउंटरवर "कुठली लेन्स घेऊ?" असं विचारणाऱ्या दहांतल्या आठांनी आपल्या जुन्या लेन्सचं सगळ्यात जवळचं अंतर कधी पाहिलेलंच नसतं.

ते पाहायची सोपी रीत आहे: शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी. टेबलावर पट्टी आडवी ठेवा. लेन्स ऑटोफोकसवरून मॅन्युअलवर घ्या, रिंग सगळ्यात जवळच्या टोकाला फिरवा आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावून हळूहळू पुढे सरका. आकडे स्वच्छ दिसले की क्लिक करा. फोटोच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत किती मिलिमीटर आले ते मोजा. साठच्या आसपास आले तर तुमची किट लेन्स आव्हानाला पुरेशी आहे. साध्या क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यात २३ च्या आसपास आले, तर वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते आहे. खरी मॅक्रो म्हणतात ती हीच. फुलफ्रेमवाल्यांनी, म्हणजे मोठ्या सेन्सरवाल्यांनी, २३ ऐवजी ३६ धरावेत. हा पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून घेऊन आलात तर तुम्हाला काय हवं आहे आणि काय नको, हे आम्ही दोन मिनिटांत सांगू शकतो.

भिंतीवर २३ मिलिमीटरची चौकट अठरा इंच होते, म्हणजे जवळजवळ वीसपट. खसखशीचा दाणा जेमतेम मिलिमीटरभराचा, तो प्रिंटमध्ये दोन सेंटीमीटरांचा होतो आणि त्याच्या पाठीवरची जाळी दिसते. मीठ-मसाल्यांच्या महिन्यात ही जाळी पाहून एक आजी भिंतीसमोर बराच वेळ थांबल्या होत्या. आयुष्यभर खसखस वाटली, पण ती अशी असते हे माहीत नव्हतं, असं त्या म्हणाल्या. सगळे फोटो एकाच मोठ्या आकारात छापायचा आमचा आग्रह आहे तो ह्यासाठीच. मोबाइलच्या पडद्यावर कातरलेला फोटोही चांगला दिसतो, तिथे फरक कळत नाही. भिंतीवर कळतो. ज्याने ओल्या मातीत बसून फोटो काढला त्याच्या शेजारी कातरून ताणलेला फोटो लावला, तर ते दोघांवरही अन्यायाचं होतं.

"मग सॉफ्टवेअरने वाढवून द्या, आता एआय आहे" असंही सुचवलं जातं. ती सोय आमच्याकडे आहे आणि घरातले जुने, लहान फोटो मोठे करताना आम्ही ती वापरतो, तेही ग्राहकाला सांगून. आव्हानासाठी वापरणार नाही. दीडशे पिक्सेलच्या किड्याला ते सॉफ्टवेअर पायावरचे केस काढून देतं, पण ते केस त्या किड्याचे नसतात. जवळून पाहण्याच्या खेळात न पाहिलेली गोष्ट छापायची, हे आम्हाला पटत नाही.

जवळ गेल्यावर पुढची तक्रार येते: "फोकसच लागत नाही." इतक्या जवळ ऑटोफोकस पुढे-मागे घुटमळत राहतो, त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. मॅन्युअलवर घ्या, रिंग जवळच्या टोकाला ठेवून विसरून जा, आणि फोकस स्वतः हलून करा. कोपर गुडघ्यावर टेकवायचा, अंग किंचित पुढे-मागे झुलवायचं आणि किड्याचा डोळा किंवा फुलाचा पुंकेसर धारदार दिसला की बटण दाबायचं. दहातले दोन चांगले येतील. दोन पुरे आहेत.

खऱ्या आकाराच्या मॅक्रोमध्ये एफ ८ वर (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो, क्रॉप सेन्सरवर त्याहूनही कमी. तो वाढवायला बरेचजण थेट एफ २२ वर जातात. तसं केलंत तर पट्टा वाढतो, पण बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळा फोटो एकसारखा मऊ पडतो. मॅक्रोत हा परिणाम आणखी वाढतो, कारण खऱ्या आकाराला कॅमेऱ्यावरचा एफ १६ प्रत्यक्षात एफ ३२ सारखा वागतो. एफ ८ ते एफ ११ वर थांबा आणि त्याऐवजी कॅमेऱ्याची पाठ विषयाला समांतर धरा. फुलपाखराचा पंख असेल तर पंखाला समांतर, नाणं असेल तर नाण्याला. एवढ्यानेच पट्टा पूर्ण कामी येतो. अनेक फोटो जोडून एक करण्याची पद्धत, म्हणजे स्टॅकिंग, आव्हानात चालते. फक्त फोटो देताना तसं सांगा.

नाण्यावरून आठवलं. 'खिशातलं' हा विषय होता तेव्हा आठवीतल्या एका मुलीने दहा रुपयांच्या नाण्याचा फक्त सालाचा भाग घेतला होता. सालाखाली बारीकसा हिरा होता. मुंबईच्या टांकसाळीची ती खूण. हैदराबादच्या नाण्यावर तारा असतो, नोएडाच्या नाण्यावर ठिपका, आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसतं. त्या दिवशी भिंतीसमोर उभा असलेला प्रत्येकजण आपापली चिल्लर काढून बघत होता. तो फोटो साध्या किट लेन्सवर, रिव्हर्स रिंग लावून काढलेला होता. धातूवर चकाकी येऊ नये म्हणून तिने खिडकीच्या काचेला ट्रेसिंग पेपर चिकटवला होता आणि नाण्याच्या दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला होता.

रिव्हर्स रिंग म्हणजे लेन्स उलटी बसवायची चकती. मॅक्रोत शिरायचा सगळ्यात स्वस्त रस्ता हाच. ती आमच्याकडे ५२, ५५ आणि ५८ च्या मापात असते. तुमचं माप लेन्सच्या तोंडावर, गोलावर तिरकी रेघ असलेल्या खुणेपुढे छापलेलं असतं. तेवढं बघून या, म्हणजे परत फेरी पडणार नाही. उलट्या लेन्सवर कॅमेऱ्यातून छिद्र बदलता येत नाही. प्रत्येक कंपनीच्या लेन्सची त्यासाठी वेगळी युक्ती आहे, ती रिंग देतानाच दाखवतो.

ज्यांच्याकडे ५० मिलिमीटरची लेन्स आहे त्यांनी एक्स्टेन्शन ट्यूब वापरून पाहावी. नुसती पोकळ नळी असते, आत काच नाही. ५० च्या लेन्सला २५ मिलिमीटरची नळी लावली की निम्म्या आकारापर्यंत जाता येतं, ५० ची लावली की खऱ्या आकारापर्यंत. नळ्या आम्ही दिवसाच्या भाड्यानेही देतो. आधी शनिवार-रविवार नेऊन बघा आणि आवडलं तरच विकत घ्या. भाडं किमतीतून वजा करतो. स्वतंत्र मॅक्रो लेन्सही आहेत, पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत घ्यायची घाई करू नका.

मोबाइलवाल्यांना आव्हान खुलं आहे. एवढंच पाहा, की काही फोनमधला वेगळा 'मॅक्रो' कॅमेरा फक्त दोन मेगापिक्सेलचा, म्हणजे १६०० बाय १२०० असतो. त्याचा फोटो अपवाद म्हणून आम्ही सहा बाय आठ इंचांत छापून त्याच भिंतीवर लावतो, आणि त्या मापात तो सुरेख दिसतो. मुख्य कॅमेऱ्याने थोडं मागे राहून काढलेला फोटो बऱ्याचदा मोठ्या मापालाही पुरतो. मात्र मोबाइलची चौकट चारास तीन असते आणि बारा बाय अठरा तिनास दोन, तेव्हा वरखाली थोडं कापलं जाणार. काठाशी महत्त्वाचं काही ठेवू नका.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या फोटोसारखा पाठवला की तो आकसून साधारण १६०० पिक्सेलचा होऊन येतो, मग तुम्हाला फोन करून मूळ फाइल मागवावी लागते आणि दोन दिवस जातात.

या महिन्याचा विषय 'पठारावर' आहे आणि बहुतेकजण कासलाच जाणार हे उघड आहे. तेव्हा कळकळीने सांगतो. कास आपल्या साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, म्हणून आपल्याला ते अंगणासारखं वाटतं. पण तिथला मातीचा थर पातळ आहे, खाली लगेच जांभा लागतो, आणि एकदा बूट किंवा ट्रायपॉडचा पाय पडलेली जागा सहज भरून येत नाही. वर सांगितलेलं 'गुडघे टेका' हे वाटेवर टेकायचे आहेत. फुलांत नाही. दवबिंदू ही किडे खाणारी वनस्पती आणि गेंदाचे पांढरे चेंडू वाटेच्या कडेलाही सापडतात. तेवढ्यात समाधान माना. फूल खुडून आडोशाला नेऊन फोटो काढू नका. वाऱ्याने देठ हलत असेल तर वारा पडेपर्यंत थांबा. सकाळी लवकर तो पडलेला असतो आणि किडेही गारठ्याने जागचे हलत नाहीत. किड्यांना फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करणं, चिकटवणं, फवारे मारणं असल्या गोष्टी केलेला फोटो कितीही चांगला असला तरी आम्ही भिंतीवर लावणार नाही. एकदा नकळत लावला गेला होता. कळल्यावर उतरवून ठेवला आणि ज्यांचा होता त्यांनाही ते पटलं.

कासला धुकं आणि भुरभुर असतेच. भाड्याची नळी किंवा लेन्स नेली असेल तर कॅमेऱ्यावर टाकायला प्लॅस्टिकची पिशवी आणि पुसायला मऊ सुती कापड आमच्याकडून मागून घ्या, त्याचे पैसे लागत नाहीत. परत आल्यावर लेन्स ओलीच बॅगेत बंद करू नका. जागेवरच नळी लावायची किंवा काढायची झाली, तर कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून करा.

फोटो वीस तारखेपर्यंत द्या, जेपेग, पूर्ण आकारात, एसआरजीबी या नेहमीच्या रंगसेटिंगमध्ये. पट्टीचा फोटो दाखवायला किंवा नळी लावून बघायला दुपारी दोन ते चारच्या दरम्यान या. तेव्हा पासपोर्टवाले नसतात आणि नीट वेळ देता येतो.